नानांच्या वहीतले माप

कोहमारा म्हटले की लोकांना फाटा आठवतो. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. एका अंगाने गोरेगाववरून गोंदियाला रस्ता फुटतो, दुसऱ्या अंगाने नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे. ट्रकवाले थांबतात, चहा घेतात आणि निघून जातात. या फाट्याच्या एका बाजूला नागझिऱ्याचे जंगल आहे आणि दुसऱ्या बाजूला नवेगावचे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. माझे आजोळ या दोन जंगलांच्या मधले. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, उतारवयात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. पण तरुणपणी त्यांचा हुन्नर वेगळाच होता. ते काडतुसे भरत.

आज हे वाक्य लिहिताना हात जरा थबकतो. एका मुसलमान घरात बारूद मोजले जायचे, हे सांगताना आधी आजूबाजूला पाहावे लागते असे आमचे दिवस आहेत. नानांच्या काळात त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. परवान्याची बंदूक होती, शिकारीचे परमिट मिळत असे, आणि काडतूस नीट भरणारा माणूस पंचक्रोशीत लोहार-सुताराइतकाच मानाचा होता.

नाना हे काम शिकले ते महायुद्धाच्या काळात. आसपासच्या एका मालगुजाराच्या वाड्यावर ते पोरसवदा वयात कामाला लागले. मालगुजाराकडे .५०० बोअरची जुनी दुनळी एक्स्प्रेस रायफल होती, काळ्या बारूदावर चालणारी. सांभर, रानगवा, वाघ अशा मोठ्या जनावरांसाठीच ती बनवलेली. युद्ध सुरू झाले आणि विलायती काडतुसे येईनाशी झाली. पितळी नळकांडी मात्र होती, आणि पितळेचे नळकांडे जपून वापरले तर पुन्हा पुन्हा भरता येते. वाड्यावर एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी नानांना सगळे दाखवले. उडालेली टोपी काढून नवी बसवायची, बारूद तोलून घालायचे, वर नमद्याची चकती दाबायची आणि शेवटी साच्यात ओतलेली शिशाची गोळी बसवायची. ऐकायला सोपे वाटते. सगळी मेख तोलण्यात होती.

त्या रायफलीला पाच ड्रॅम बारूद लागायचे. ड्रॅम हे इंग्रजी माप नानांना कळेना. उस्तादांनी सांगितले, ‘बेटा, पाव कम एक तोला समझ ले.’ पुढे शिक्षिका झाल्यावर मी हा हिशेब करून पाहिला. पाच ड्रॅम म्हणजे सुमारे १३७ ग्रेन. एक तोळा १८० ग्रेनचा, म्हणून पाऊण तोळा १३५ ग्रेनचा. न शिकलेल्या उस्तादांचा हिशेब फक्त दोन ग्रेनने चुकत होता! ग्रेन हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेले, आणि आपली रत्ती गुंजेवरून. दोन्हीकडच्या माणसांनी बियांवरच वजन बेतले. वर्गात मापांचा धडा शिकवते तेव्हा मी हे आवर्जून सांगते. ‘बारा बोअर’ या शब्दाचा अर्थही सांगते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, की त्यातली एक गोळी जिच्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअरची बंदूक. म्हणजे एक गोळी सव्वातीन तोळ्यांची. मुले हाताने वजन अंदाजून बघतात आणि गप्प होतात.

मोठ्या जनावरासाठी काडतूस भरणे हा तडजोडीचा मामला असतो. बारूद वाढवले की गोळी वेगाने आणि सरळ जाते, पण धक्का वाढतो, नळीवर दाब वाढतो आणि नेम बिघडतो. गोळी हलकी आणि पोकळ तोंडाची केली तर ती लवकर पसरते. हरणाला ती चालते, पण वाघाच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची जखम करते, आणि जखमी वाघ मग गावाच्या वाट्याला येतो. शुद्ध शिसे मऊ पडते म्हणून गव्यासाठी त्यात थोडे कथील मिसळायचे. या प्रश्नावर आमच्याच मध्य प्रांतात पूर्वी एका माणसाने पुस्तक लिहिले होते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा इथला इंग्रज अधिकारी. १८६० च्या दशकात त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे, की नळीतले पेच फार हळू फिरणारे ठेवावेत, म्हणजे भरपूर बारूद घालूनही गोल गोळी पेच सोडत नाही. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक १८७१ साली आले आणि त्याच वर्षी तो वारला, वय जेमतेम तेहतीस. नानांनी फोर्सिथचे नावही ऐकले नव्हते, पण ज्या जंगलपट्ट्याने त्याला हे प्रश्न घातले, त्याच पट्ट्याने नानांनाही घातले.

पुढे काळे बारूद जाऊन कॉर्डाइट आले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. काळ्या बारूदाला पावसाळ्यातल्या दमटपणाची भीती; कॉर्डाइटला उन्हाची. उष्णता वाढली की त्याचा दाब वाढतो. म्हणून विलायतेतले कारखानदार उष्ण देशांसाठी थोडी कमी भरलेली काडतुसे वेगळी काढत. वाघाच्या शिकारीचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे, पाणवठे आटतात तेव्हा. आणि आमच्याकडचा मे काय असतो हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाही. नाना सांगत, की साहेब लोकांची काडतुसे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी लागत, नाहीतर उडाल्यावर नळकांडे नळीतच घट्ट बसायचे.

मालगुजारी गेली, रायफल विकली गेली. नानांनी पीक राखणीसाठी परवाना काढून बारा बोअरची दुनळी घेतली. त्या दिवसांपासून त्यांनी एक वही ठेवली. वही उर्दूत आहे. मामूंची मुले मराठी शाळेत शिकली, माझे भाऊही. घरात ती वही वाचू शकणारी मी एकटी, कारण मी उर्दू शाळेत शिकले आणि आता उर्दू शाळेतच शिकवते. पानावर रकाने आखलेले आहेत: तारीख, मौसम, बारूद, गोळी, कदम आणि शेवटी ‘अंजाम’. तलावाच्या पाळीवर ओल्या कोंड्याची पोती रचून, त्यांत गोळी झाडून, ती किती आत गेली आणि कशी चपटली याच्याही नोंदी आहेत. पहिल्या काही पानांवर दोन वेगळे भाग आहेत. एकावर लिहिले आहे ‘फसल’, दुसऱ्यावर ‘जबीहा’.

‘फसल’ म्हणजे धानाच्या बांध्यांत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. ते आम्हाला हराम. नाना ते मारून देत आणि गावकरी घेऊन जात. तिथे जनावर जागीच पडावे एवढाच हेतू. ‘जबीहा’चे तसे नव्हते. हनफी उलेमांतील बहुतेकांचे मत असे, की गोळीने मेलेले जनावर हलाल होत नाही. ते जिवंत सापडले आणि अल्लाहचे नाव घेऊन सुरी फिरवली तरच खावे. कारण गोळी धारेने कापत नाही, आघाताने मारते, आणि आघाताने मेलेले जनावर कुरआनाने मना केले आहे. काही आलिम बंदुकीला बाणाचाच नियम लावतात, पण नाना बहुमताच्या बाजूचे. इथे एक शब्दाची गंमत आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे फळ. त्यावरून तेवढ्याच आकाराच्या मातीच्या गोळीला, जी धनुष्यातून फेकत, तेच नाव पडले. त्या गोळीबद्दल जुन्या फकीहांनी जो निर्णय दिला, तोच पुढे बारूदाच्या शस्त्राला लागला आणि नावही त्याला चिकटले. आपली मराठी ‘बंदूक’ त्याच घराण्यातली.

तर नानांपुढे प्रश्न होता तो असा: जनावर पडले पाहिजे, पण सुरी पोचेपर्यंत त्याच्यात जीव राहिला पाहिजे. पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच त्यांनी केला. बारूद कमी केले. वहीत सलग पाच-सहा नोंदींत माप उतरत गेलेले दिसते. मग एक नोंद येते: चितळ, साठ कदम. अंजामच्या रकान्यात लिहिले आहे, ‘जखमी, भाग गया. दो दिन ढूँढा. तीसरे दिन गिध नजर आए.’ यापुढे ‘जबीहा’ हा भागच संपतो. दोन्हींसाठी एकच पूर्ण माप. बदलला तो कदमांचा रकाना. साठाचे चाळीस झाले, चाळिसाचे तीस, आणि पुष्कळ ठिकाणी तीसच्या पुढे नुसते ‘नहीं चलाई’.

मी लहानपणी विचारले होते, ‘नाना, चलाई क्यूँ नहीं?’ ते म्हणाले, ‘बेटा, जनावराने आपल्या सोयीने मरावे म्हणून बारूद कमी करायचे नसते. आपण जवळ जायचे. जाता येत नसेल तर घरी यायचे.’

शरियतचा हुकूम पाळण्यासाठी त्यांना जंगलात पन्नास पावले अधिक चालायला लागले, आणि त्या पन्नास पावलांत त्यांना जनावर दिसू लागले, असे मला ती वही वाचताना वाटते. शेवटच्या वर्षांच्या पानांवर बारूदाचा रकाना रिकामा आणि अंजामचा भरलेला आहे. कुठे ‘मादा, साथ में बच्चा’, कुठे ‘पानी पी रहा था’. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तोवर नागपूरच्या ऑलविन कूपरसारख्या कंपन्या परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन वाघ मारायला नेत होत्या. कायदा आला तेव्हा अनेक शिकारी हळहळले. नानांची वही त्याच्या दोन वर्षे आधीच थांबली होती.

२०११ साली नाना गेले. मी तेव्हा बी.एड. करत होते. बंदूक, साचा, रिकामी नळकांडी, टोप्या बसवण्याचे हत्यार असे सगळे घेऊन मामू पोलीस ठाण्यात जमा करायला निघाले. अम्मीचे म्हणणे होते की वही विहिरीत टाकावी. ‘उर्दूत बारूद लिहिलेले आहे, कोण कशाला काय समजेल!’ तिची भीती खोटी नव्हती. कुठेही स्फोट झाला की आमच्या घरात टीव्हीचा आवाज कमी होतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. शस्त्रांबाबत सरकारी संशय तर जुनाच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी .४५० बोअरच्या रायफलीच हिंदुस्थानात बंद केल्या, कारण त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या जुन्या फौजी बंदुकांना उपयोगी पडेल अशी धास्ती. तेव्हा संशय सगळ्या हिंदुस्थान्यांवर होता, एवढाच फरक.

मी म्हटले, वही पण घेऊन चलू आणि दाखवू. ठाण्यात जमादारांनी सामानाची यादी केली, मग वही उघडली. अक्षर पाहून थांबले. ‘यात काय लिहून आहे जी?’ मी म्हटले, ‘मी वाचते, तुम्ही कुठलेही पान काढा.’ त्यांनी मधलेच पान काढले. मी उर्दूतून पाहत मराठीत वाचू लागले: सांभर, पस्तीस कदम, वारा उलटा, नाही झाडली. रानडुक्कर, अमक्याच्या बांधीत, एकाच गोळीत. चितळाची ती नोंदही वाचली. तीन-चार पाने झाल्यावर ते म्हणाले, ‘आमच्याही आज्याजवळ भरमार होती जी. पण आज्यानं असं लिहून नाही ठेवलं.’ पावती फाडून दिली आणि वही माझ्या हातात परत ठेवली. अम्मी दारातच वाट पाहत उभी होती.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून पकडलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. पुढच्या वर्षी आणखी एक आणली. वर्गात मुलांनी विचारले, ‘आपा, वाघाला पकडतात कसे?’ मी सांगितले: जनावराचे वजन अंदाजून बेशुद्धीच्या औषधाची मात्रा ठरवतात, अंतर पाहून बंदुकीतल्या हवेचा दाब ठरवतात. दाब कमी पडला तर सुई पोचत नाही, जास्त झाला तर जखम होते. मात्रा कमी झाली तर जनावर अर्धवट शुद्धीत पळते आणि जास्त झाली तर उठत नाही. सांगता सांगता लक्षात आले, की मी नानांच्या वहीचेच रकाने मोजते आहे. वजन, माप, कदम, अंजाम.

मराठीत बंदुकीच्या बारूदाला ‘दारू’ म्हणतात. या शब्दावरून आमच्या घरी नेहमी हसू व्हायचे. नमाजी नाना आणि ‘दारू’ तोलतात! पण फारसीत दारू म्हणजे औषध. दवादारू आपण म्हणतोच. मुलांना मी फळ्यावर तो शब्द लिहून दिला आणि त्याचे तीनही अर्थ समोर मांडले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आपा, मग माप चुकले की तिन्हीने माणूस मरतो ना?’ मी हो म्हटले आणि पुढचा शब्द लिहायला वळले.