दोन टोकांची तलवार

पत्नी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मुलाने मला एका खेळाला बसवले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ. एकाने कथा सांगायची, दुसऱ्याने तिच्यातील पात्राच्या वतीने बोलायचे आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. मुलाजवळ २००३ साली सुधारलेल्या नियमांचे पुस्तक होते. मी योद्धा झालो. प्रश्न उरला शस्त्राचा.

दोन्ही हातांनी लढू पाहणाऱ्यापुढे त्या पुस्तकात दोन वाटा आहेत. एकेका हातात एक आखूड तलवार घ्यावी. नाहीतर मधोमध मूठ आणि दोन्ही टोकांना पाती असलेली एकच तलवार घ्यावी. (तिला दुधारी म्हणता येत नाही, मी दुतोंडी म्हणू लागलो.) साधी काठीही तेथे दोन टोकांचे शस्त्र म्हणूनच नोंदलेली आहे, किंमत शून्य. लाठीची ही बूज पाहून बरे वाटले.

उभे आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेले; मी कागद ओढला. आखूड तलवारीचा घाव सहा बाजूंच्या फाशाचा, दुतोंडीचा आठ बाजूंच्या. म्हणजे सरासरी साडेतीनास साडेचार. मात्र आखूड तलवार १० सुवर्णनाण्यांना मिळते, दुतोंडीला १०० मोजावी लागतात. ती चालवण्याची विद्या वेगळी कमवावी लागते, आणि मंतरून घ्यायची तर प्रत्येक टोकाचे पैसे निराळे. दुसऱ्या हाताच्या वाराला बाहुबळ दोन्हीकडे निम्मेच. परंतु धावत जाऊन एकच वार करण्याची सवड असेल, तेव्हा दुतोंडी दोन्ही हातांनी एका टोकाने हाणता येते आणि बळ दीडपट होते. शिवाय ती हातातून उडवणे अवघड: दोन्ही हातांनी धरलेल्या शस्त्राला तेथे चार गुणांची बढत, आखूड तलवारीला उलट चारांचा तोटा. इतकी पक्की पकड पाहून मी निकाल दिला.

"पण बाबा, उडाली तर दोन्ही टोकं जातात," मुलगा म्हणाला आणि फासे गोळा करू लागला.

हिशेबात ही रक्कम मी धरलीच नव्हती. घरात सारे तिच्या हातून चाले. बँकेची पुस्तके, नात्यागोत्यातले देणेघेणे तर होतेच. या मुलाशी बोलणेसुद्धा. त्याची परीक्षा, त्याची नोकरी, त्याचा राग मला तिच्याकडून कळे, आणि माझे उत्तर तिच्याकडूनच त्याला पोचे. आमचे चांगले चालले आहे अशी माझी समजूत होती.

तलवार मी बदलली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका पुलावर फासा उलटा पडला. ती पायाशी पडली, कलंडली आणि दरीत गेली. कमरेला एखादी कट्यार लावून ठेवण्याचेही मला सुचले नव्हते.

"आता काय करणार तुम्ही?" त्याने विचारले.

"काय काय करता येतं, ते तूच सांग."

त्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवले. दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. तो सांगत होता आणि मी विचारत होतो.