शेऱ्याचा रकाना

मोतीबिंदू काढला तरी जुन्या शाईचं बारीक अक्षर मला आता लागत नाही. म्हणून वाचनालयाची दाखल नोंदवही माझी विद्यार्थिनी वाचते आणि मी ऐकतो. इतकी वर्षं मी नोंदवह्या चाळल्या त्या नाव, किंमत, तारीख पाहत. शेवटचा शेऱ्याचा रकाना सोडून. ती सोडत नाही. ‘फाटले, बाद.’ ‘गहाळ.’ ‘पाने नाहीत, बाद.’ एका दुपारी तिनं तासभर हेच वाचलं. मी मध्येच उठून पाणी पिऊन आलो.

सार्वजनिक बालवाचनालयांचा इतिहास लिहिताना माझं घोडं इथंच अडतं. मुलांना जे आवडलं ते मुलांनी वाचून वाचून संपवलं. कपाटात उरलं ते बहुतेक त्यांनी हात न लावलेलं. खातं वडिलांच्या नावावर, सहीही वडिलांची. मग मूल शोधायचं कुठं?

बडोद्याचंच घ्या. 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. शाळा सुटल्यावर शिकलेलं अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून वाचनालयं हवीत, हा सयाजीराव महाराजांचा हिशेब. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, मुलांचा विभाग आला, गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. तिथल्याच ग्रंथालय खात्यातल्या कुडाळकरांनी 1919 मध्ये या चळवळीवर पुस्तकच लिहिलं. महाराजांच्या खासगी संग्रहातून आलेल्या सुमारे 20,000 पुस्तकांवर मी तासभर बोलू शकतो. पण गावात पेटी उघडली तेव्हा पोरांची पहिली झडप कशावर पडली? अहवालात आकडे सापडतात, झडप सापडत नाही.

आम्हा अभ्यासकांतले काही जण ही अडचण ‘पहिलं’ या एका शब्दानं उडवून लावतात. जिल्ह्यातलं पहिलं, देशातलं पहिलं. शताब्दीच्या स्मरणिका पाहा: अध्यक्षांचे फोटो, देणगीदारांची यादी, फीत कापणारे पाहुणे, मूल एकही नाही. मी त्यांना हसतो. माझ्या पहिल्या लेखात ‘पहिलं’ तीनदा आलंय. लेखाचं कौतुक झालं, मग तो शब्द खोडायचा धीर मला झाला नाही.

परवा विद्यार्थिनीनं गोष्टींचं एक जुनं पुस्तक पुढं केलं. “सर, कोपऱ्यावरून बोट फिरवा.” खालचे कोपरे मऊ, तेलकट, कापडासारखे. राजाला पेन्सिलीनं मिशा. “हे चाळिसाव्या पानापर्यंत. पुढं करकरीत.” माझ्या तक्त्यात या पुस्तकाची नोंद ‘प्रत उपलब्ध, स्थिती बरी’ अशी होती. मी शिक्के पाहिले होते. कोणी तरी चाळिसाव्या पानावर कंटाळलं होतं, ते बोटाला कळलं. आता मी आधी कोपरे चाचपतो. मात्र चाचपायला मिळतात ती बचावलेली पुस्तकंच; बाद झालेली नाहीत.

संशोधनात पडण्याआधी मी एका वाचनालयाचा बालविभाग सांभाळत होतो. गेल्या आठवड्यात तिथलीच नोंदवही निघाली. विद्यार्थिनी वाचू लागली: ‘फाटले, बाद. फाटले, बाद.’ लाल शाईत, पानामागून पान. मग थांबून म्हणाली, “सर, हे लिहिणाऱ्याचं अक्षर काय सुरेख आहे हो!”

मला बरं वाटलं. अक्षर माझं होतं, हे मी तिला चहा झाल्यावर सांगितलं.