डालड्याचा शेंडा

दोन दिवस डिझेल मुरू दिल्यावर सीटची दांडी किरकिरत वर आली. जुन्या ग्रीसचा वास सुटला आणि तिच्याभोवतीची पत्र्याची गुंडाळी टपकन फरशीवर पडली.

वडिलांची सायकल तो लेकीसाठी नीट करत होता. लेक उंच, तेव्हा लांब दांडी हवी. पण गुंडाळी उलगडली आणि काम राहिलं बाजूला. पिवळा रंग, त्यावर हिरव्या झावळ्या. डालडा!

दहावीच्या वर्षी या सीटने त्याला रोज छळलं होतं. घरून निघताना बरोबर उंचीवर, पर्वतीच्या पायथ्याशी येईतो दोन बोटं खाली. दप्तरात पाना बाळगणारा वर्गात तो एकटाच. "पॅकिंग बदलू," वडील म्हणायचे. नवी दांडी काही आली नाही. कंजूषपणा, दुसरं काय! हा राग त्याने तीसेक वर्षं जपला.

फ्रेम जुन्या बाजारातून आणलेली, विलायती. नळीचं भोक २७.२ मिलिमीटर. पेठेतल्या दुकानात मात्र एकच उत्तर मिळायचं, "एक इंचीच येते." म्हणजे २५.४. फरक १.८, चहूबाजूंनी ०.९ भरून काढायचे.

त्याने व्हर्निअर कॅलिपर काढला. पियेर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञाने ही सरकती मोजपट्टी १६३१ मध्ये मांडली ती कोन मोजायला. तेव्हा सायकल जन्मायचीच होती. असो. पत्रा भरला ०.३. वेढे तीन.

वडिलांकडे कॅलिपर नव्हता.

चुकलं होतं ते पट्टीच्या रुंदीत. दोन बोटांची पट्टी वरच्या तोंडाशीच. खाली दांडीला आधार नाही. खड्डा आला की ती आत डुलायची, पत्रा चेपायचा, मग बोल्ट कितीही आवळा. वीतभर रुंद पट्टी का नाही कापली?

मग गॅलरीतली तुळस आठवली. तिचा डबा वरून वेडावाकडा कापलेला. उरलेला आईला कुंडीसाठी हवा होता. डब्यावर माडाचं खोड होतं, शेंडा नव्हता. गंजाने खाल्ला असेल, असं त्याला वाटायचं.

२७.२ ची दांडी आता सहज मिळते. त्याने अ‍ॅल्युमिनिअमची आणली, ग्रीस चोपडून बसवली. नाहीतर अ‍ॅल्युमिनिअम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात. दांडीवर मार्करने रेघ मारली. आठवडा झाला, रेघ जागची हललेली नाही.

शेंडा ड्रॉवरमध्ये आहे. खोड घर बदलताना भंगारात गेलं.