मांडवामागचा ड्रम

वैशाखात जव्हारजवळच्या दाभोशाकडे हळदी सुरू झाल्या की रात्रभर डीजेचा आवाज लेंडी नदीच्या दरीत घुमतो. मांडवात नवरदेवाचे मित्र नाचतात. मांडवामागच्या अंधारात दारूचा ड्रम असतो आणि ड्रमाभोवती आठवी-नववीची पोरं.

त्यांच्या हातात पेला कोण देतं? घरचंच माणूस. मामा, काका, थोरला चुलतभाऊ. "घे रे, हळद आहे आज."

वारली लग्नात दारूला जागा आहे, ती मला ठाऊक आहे. देवाला थेंब वाहतात, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान राखतात. त्या मानाबद्दल माझी तक्रार नाही. पण देवाच्या थेंबांचं नाव पुढे करून चौदा वर्षांच्या पोराला ग्लास भरून देणं ही रीत कुठली?

आणि आता सगळी मोहाचीही नसते. सेलवासची सीलबंद बाटली मोटरसायकलवरून येते. थंड पेयात मिसळली की पोराला कडू लागत नाही, म्हणून किती प्यालो हेही कळत नाही. मग तीन-तीन पोरं एका गाडीवर, रात्री, जव्हारच्या वळणांवर.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परततात. सोबत राबलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला बाप म्हणतो, "कमावतो आता, घेऊ दे." हे वाक्य मला सगळ्यांत जास्त टोचतं. मजुरी लहान वयात हाती आली म्हणून शरीर मोठं होत नाही.

महाराष्ट्रात बिअरला 21 वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला 25. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा मामा असला तरी.

पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे बारावीच्या निकालाची पार्टी करून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. वडिलांवर आणि बारवाल्यांवर गुन्हा नोंदला गेला तो याच कायद्याखाली.

यजमानाला जमण्यासारखं पुष्कळ आहे. ड्रमाजवळ एक न पिणारा वडीलधारा बसवावा. पोरांची पंगत आधी उठवावी. लांबच्या पोरांना रात्री घरीच झोपवावं, गाड्यांच्या चाव्या नवरीच्या आजीकडे द्याव्यात. तिच्याकडून चावी मागायला कोणी धजत नाही.

जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने दारूवर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. बायांनो, पुढच्या हळदी लागण्याआधीच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडा: आमच्या मांडवात पोराच्या हाती पेला जाणार नाही.