वेग वाढवलेला हाफिजा

उर्दूत स्मरणशक्तीला ‘हाफिजा’ म्हणतात. ‘हिफ्ज’, ‘हाफिज’, ‘मुहाफिज’ हे शब्दही त्याच मुळातले. त्या मुळाचा अर्थ नुसतं आठवणं असा नाही, तर राखणं, सांभाळणं असा आहे. कुरआन तोंडपाठ असलेल्या माणसाला हाफिज म्हणतात, कारण जे मिळालं ते त्याने जसंच्या तसं, जेर-जबरचाही फरक न करता सांभाळलेलं असतं. संगणकाच्या मेमरीलाही हाफिजा म्हणावं असं मला वाटतं. तिचं कामही तेच आहे. ठेवायला दिलं ते मागताना तसंच परत द्यायचं. ती नाकारत नाही, कुरकुरत नाही. पण कधी कधी बदलून देते आणि बदललं हे सांगतही नाही.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या गोंडपिपरी भागातून वर्धा नदी ओलांडली की तेलंगण. इकडचा राजुरा तालुकाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत जुने दाखले, पावत्या, जमिनीचे कागद उर्दूत आहेत आणि घरातल्या आजच्या पिढीला ते वाचता येत नाहीत. मुलांच्या ओबीसी जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग पेटी उघडली जाते आणि पिवळा पडलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोक माझ्या दारी येतात. पिंजारी, बागवान, अत्तार, असे सगळे. मी वाचून देतो, मराठीत उतरवून देतो आणि स्कॅन करून ठेवतो, कारण त्या कागदांना वाळवी आणि घडी दोन्ही खातात.

हे काम ज्या संगणकावर चालतं तो भाच्याने दिलेला. तो नागपुरात इंजिनिअरिंग शिकतो. त्याने गेम खेळण्यासाठी सुटे भाग जोडून तो बनवला होता. त्यात आठ-आठ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या. हिवाळाभर काम सुरळीत चाललं. एप्रिल लागला तसा दुपारी संगणक अडकू लागला, निळा पडदा येऊ लागला. ते एक वेळ चाललं असतं. पण एके दिवशी एका दाखल्याचं स्कॅन उघडलं, तर वरचा अर्धा भाग स्वच्छ आणि खालचा अर्धा करड्या-जांभळ्या पट्ट्यांचा. नेमकी ‘पिंजारी’ लिहिलेली ओळ त्या पट्ट्यांत गेलेली.

फोटोची फाइल दाबून लहान केलेली असते. त्यात मध्येच एक बिट उलटला तर तिथून पुढचा उलगडा चुकत जातो. निदान ते डोळ्यांना दिसतं तरी. टाइप केलेल्या मजकुरात असं झालं तर दिसतही नाही. उर्दू शिकवताना मी मुलांना नेहमी दाखवतो, ‘खुदा’तल्या खे अक्षराचा नुक्ता वरून खाली आला की ‘जुदा’ होतं. बिट म्हणजे संगणकाचा नुक्ताच. युनिकोडमध्ये ‘ख’ आणि ‘ग’ यांत फक्त एका बिटचा फरक आहे. तो उलटला की ‘शेख’चा ‘शेग’ होतो. ‘३’ आणि ‘७’ यांतही एकाच बिटचा फरक. म्हणजे १९६३ चं १९६७ व्हायला एक ठिणगी पुरे. ज्या कागदाची सगळी किंमत त्याच्या सालात आहे, त्याच्यासाठी हे केवढं मोठं आहे!

हे फक्त तर्काने म्हणत नाही. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. यादीच्या हिशेबाने इतकी मतं शक्यच नव्हती, म्हणून फेरमोजणी झाली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजेच नेमका एक बिट उलटल्याची खूण.

आता मेमरी चुकते का, ते पाहू. आज वापरात असलेली डीरॅम मेमरी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली. त्याचं पेटंट १९६८ चं. प्रत्येक बिटसाठी विजेचा एक इवलासा साठा असतो. भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. हे मडकं झिरपतं. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, ते वाचून पुन्हा भरावं लागतं. उष्णता वाढली की झिरपणं वाढतं. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हीच उजळणी दुप्पट वेगाने करायची असा नियमच आहे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४६-४७ वर जातो, तेंदूपत्त्यावर गेलेली माणसं दहाच्या आत जंगलातून परततात. पत्र्याच्या खोलीत बंद डब्यात त्या पट्ट्यांचं काय होत असेल?

त्यात भर वाढवलेल्या वेगाची. भाच्याच्या संगणकातल्या पट्ट्यांची मूळ चाल २६६६ ची, १.२ व्होल्टवर. खोक्यावर मात्र ३६०० छापलेलं. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू केली की पट्टी १.३५ व्होल्ट घेऊन त्या वेगाने पळते. खोक्यावर आकडा छापलेला असल्याने तो मूळ वेगच वाटतो, पण खरं तर ते ओव्हरक्लॉकिंग आहे. वेग वाढला म्हणजे साठा भरला आहे की रिकामा हे ओळखायला मिळणारा वेळ कमी झाला. थंडीत तेवढा वेळ पुरतो, उन्हात पुरत नाही.

शोध घ्यायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शिक्षकी नियम इथेही चालतो. आमच्या जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र असूनही घरात व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून आधी संशय विजेवर गेला. यूपीएस लावून पाहिला, त्रास तोच. मग पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि घट्ट बसवल्या. तरीही तेच. भाच्याने फोनवर सांगितलं, ‘‘मामू, विंडोज बाजूला ठेवा, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवा.’’ हा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात ठराविक नमुना लिहितो, परत वाचतो आणि ताडून पाहतो. मदरशात आमुख्ता ऐकतात तसंच हे. कालचा सबक आज न अडखळता ऐकवला, तरच पुढचा.

रात्री चाचणी लावली, चार फेऱ्यांत एकही चूक नाही. दुपारी दोनला लावली, पहिल्याच फेरीत लाल ओळी. मग एकेक पट्टी वेगळी लावून दुपारीच तपासली. दोन्ही निर्दोष. दोन्ही एकत्र ३६०० वर, पुन्हा चुका. ३२०० वर एक चूक. एक्सएमपी बंद करून २६६६ वर, भर दुपारी चार फेऱ्या, शून्य. म्हणजे पट्ट्या खराब नव्हत्या. मूळ वेगावरही चुका आल्या असत्या तर पट्टी किंवा खाच बदलावी लागली असती. इथे फक्त त्यांच्याकडून झेपेल त्याहून जास्त मागितलं जात होतं. २६६६ वर आणल्यावर स्कॅनच्या कामात मला काडीचाही फरक जाणवला नाही.

शून्य हाच निकाल. ‘एखादी चूक चालते’ हे इथे लागू नाही, कारण ती एक चूक कोणत्या घरात पडेल हे आपल्या हाती नसतं.

उरलं ते जिकिरीचं काम. डिस्कवर आधीच नीट पोचलेली फाइल आपोआप बिघडत नाही. बिघडते ती मेमरीतून ये-जा करताना. म्हणून उन्हाळा लागल्यानंतरची सगळी स्कॅन आणि त्या काळात टाइप केलेले सगळे उतारे मूळ कागदाशी पुन्हा ताडले. ज्यांचे कागद परत गेले होते त्यांना पुन्हा बोलावलं. धाब्याजवळच्या एका गावातून एक बाई बसने आल्या, पिशवी घट्ट छातीशी धरून. कागद फाटला नाही ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. बिट आणि व्होल्ट त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेकराचा प्रवेश त्या एका ओळीवर अडला होता.

मोठ्या सर्व्हरमध्ये यावर उपाय असतो. ‘ईसीसी’ मेमरी ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे ठेवते, त्यावरून एक बिट चुकला तर दुरुस्त करते आणि दोन चुकले तर ओरडते. तरावीहमध्ये इमामाच्या मागे सामे उभा असतो, इमाम अडखळला की लुकमा देतो, तसंच. गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या, तेही वेग न वाढवता. आपल्या घरच्या संगणकात सामे नसतो. मागे कुणी उभं नसताना पळायचं असेल तर जपून पळावं.

म्हणून ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांना एवढंच सांगेन. संगणक दुकानातून जोडून आणला असेल तर एक्सएमपी चालू आहे का ते विचारा. वेगवेगळ्या खरेदीच्या पट्ट्या एकत्र लावू नका. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी एकदा मेमटेस्ट लावा, रात्रीच्या निकालावर भरवसा ठेवू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छापील. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नका. तोच खरा हाफिज आहे.