छोटी सॉ मिल : लाकूड आणि हात

कोकणातली छोटी सॉ मिल आंबा, फणस, ऐन आणि किंजळ यांच्या लाकडावर चालते. ओंडका ट्रॉलीवर चढवण्याआधी मिस्त्री गाठी, चिरा आणि सालीत रुतलेला खिळा शोधतो. एका खिळ्याने पात्याचे दात तुटतात. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. दात असे वाकवायला आणि त्यांना धार लावायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेल्या आदेशानंतर सॉ मिलवरचे निर्बंध कडक झाले. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सॉ मिलच्या परवान्याचा निर्णय राज्यस्तरीय समिती घेते. जंगल राखायला हे नियंत्रण आवश्यकच आहे.

बाजारही पालटला. आंब्याच्या लाकडी पेटीची जागा अनेक ठिकाणी पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली, दारे-खिडक्यांत ॲल्युमिनियम आणि प्लायवूड आले. गावातली तरुण मुले मुंबई-पुण्याला गेली. जड, धोक्याच्या कामाला माणूस मिळणे कठीण झाले. यंत्र विकत घेता येते, अनुभवी मिस्त्री नाही. म्हणून सुरक्षित यंत्रे, रास्त मजुरी आणि लाकडासाठी शेतबांधावरची वृक्षलागवड यांवरच हा धंदा टिकेल.