समुद्राची पाऊणकी

मास्तराला सुट्टीसुद्धा वेळापत्रकाशिवाय घेता येत नाही. गेल्या मार्चमध्ये वार्षिक परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण करीत असताना मी एका फुलस्केप कागदावर रेघा मारल्या, सात रकाने पाडले आणि मे महिन्यातला आमचा गुहागरचा आठवडा त्यांत बसवून टाकला. समोर मुले माना खाली घालून उत्तरे लिहीत होती आणि त्यांचे मास्तर लिहीत होते: सकाळी सात ते साडेआठ समुद्रस्नान, नऊला न्याहारी, दहाला स्थलदर्शन, दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती!

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. आमची थोरली सोळा वर्षांची, मधला अकरा वर्षांचा आणि धाकटी चार. म्हणजे एका घरात तीन इयत्ता नव्हेत, तीन निरनिराळ्या शाळाच. मधल्याला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाण्यात राहायचे होते. धाकटीला पाणी नको होते; तिला वाळू हवी होती, आणि वाळूत खेळून झाले की जिथे असेल तिथे झोप हवी होती. थोरलीला काहीच नको होते. तिची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि जूनमध्ये ती शिकायला पुण्याला वसतिगृहात राहायला जाणार होती. उरलेली सुट्टी तिला मैत्रिणींबरोबर घालवायची होती. ‘मी नाही आले तर चालणार नाही का?’ असे तिने एकदा विचारले. ‘चालणार नाही,’ असे मी म्हणालो. खरे म्हणजे मी हा आठवडा आखला होता तो तिच्यासाठीच. पण हे तिला सांगायचे राहून गेले. बापलोकांचे असेच होते. सांगायचे ते राहते आणि नको ते सांगून होते.

हिने माझा कागद पाहिला. ‘यात धाकटीच्या जेवणाची वेळ कुठे आहे?’ एवढेच ती म्हणाली आणि पिशव्या भरायला लागली. तिच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या होत्या, लिंबे होती, खोबरेल होते, जुन्या धोतराचे फाडलेले पंचे होते. माझ्या पिशवीत वेळापत्रकाच्या दोन प्रती होत्या.

आमच्या कराडहून गुहागरला जायचे म्हणजे पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचे आणि तिथून पुढे समुद्राकडे. घाटात धाकटीला दोनदा उलटी झाली आणि हिची पिशवी माझ्या पिशवीपेक्षा शहाणी ठरली. तृतीयेच्या संध्याकाळी आम्ही पोचलो. गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता. त्याच्या कडेने कौलारू घरे, घरांमागे नारळीपोफळींच्या वाड्या, आणि वाडी संपली की एकदम समुद्र. आमचे बिऱ्हाड खालच्या पाटात होते. घरमालक सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, उघड्या अंगाने शिंपण्याचे पाणी वळवीत असलेले गृहस्थ. मुले त्यांना पहिल्याच दिवशी आजोबा म्हणू लागली. मी माझे वेळापत्रक ओटीवरच्या खुंटीला अडकवले. आजोबांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले.

‘अक्षर छान आहे हो मास्तर,’ ते म्हणाले. ‘पण समुद्राला विचारलंत का?’

मी हसलो. कोकणी माणूस थट्टा केल्यावाचून बोलत नाही, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. दहाच्या सुमारास आम्ही हेदवीला पोचलो. दशभुजा गणपतीचे दर्शन घेतले आणि मुलांना बामणघळ दाखवायला किनाऱ्यावर नेले. खडकातली ती अरुंद चीर; भरतीचे पाणी तिच्यात घुसले की उसळून उंच उडते. वाटेत मी त्याचे असे काही वर्णन केले होते की कादंबरीत केले असते तर माझे मलाच समाधान वाटले असते. प्रत्यक्षात घळीच्या तळाशी थोडे पाणी डबक्यासारखे डुचमळत होते. एक खेकडा बाहेर आला, त्याने आमच्याकडे पाहिले आणि तो परत गेला. ‘हेच का ते?’ मधल्याने विचारले. थोरली काही बोलली नाही. सोळाव्या वर्षी मुली न बोलता पुष्कळ बोलतात.

संध्याकाळी ओटीवर आजोबांनी तिन्ही मुलांना भोवती बसवले. ‘आज तिथी कोणती? चतुर्थी. चार पाऊणे किती?’

मधला गप्प. मी शाळेत गणित शिकवतो, तरी माझा मुलगा गप्प. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे माझ्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. मी त्यांची नावे विसरलो नव्हतो इतकेच.

‘चार पाऊणे तीन,’ थोरलीने सांगितले.

‘शाबास! म्हणून आज तीनला पूर्ण भरती. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा बामणघळ कोरडी असायचीच. उद्या पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. तिथीची पाऊणपट करावी की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्याला गाठायला पृथ्वीला पन्नासेक मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाचं पाणी कमी चढतं नि कमी उतरतं. पोरंबाळं घेऊन यावं तर तेव्हा. आणि एक ध्यानात ठेवा, पाणी चढत असताना आत जावं. पाणी परतायला लागलं की आपणही परतावं.’

मी हे सारे ऐकत होतो, पण वर्तमानपत्राच्या आडून. ज्याने स्वतः पाठ तयार करून आणला आहे त्याला दुसऱ्याच्या वर्गात बसणे जड जाते.

पंचमीची सकाळ. साडेसात वाजले होते. हिने धाकटीला घेऊन सुरूच्या सावलीत बैठक मारली होती आणि वाळूचे घर बांधायला काढले होते. मी मधल्याला हाक मारली. थोरली म्हणाली, ‘बाबा, पावणेचारला भरती होऊन गेली. आता पाणी मागे चाललंय. दुपारी येऊ.’

‘सकाळचं पाणी शांत असतं,’ मी म्हणालो. ‘आणि दुपारी विश्रांती आहे.’

ती पुढे काही बोलली नाही. आमच्या मागोमाग पाण्यात आली. गेले दोन दिवस जी पायसुद्धा भिजवायला तयार नव्हती ती आपण होऊन पाण्यात आली, म्हणून मला मनातून आनंद झाला. मधला कमरेइतक्या पाण्यात उड्या मारीत होता. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. एक लाट आली आणि परत फिरली. परत फिरताना तिने माझ्या पायाखालची वाळू काढून घेतली. मी सावरलो आणि पाहिले तो मधला उभा नव्हता.

किती वेळ गेला असेल? तीन लाटा, फार तर चार. मी धावलो, म्हणजे पाण्यात जेवढे धावता येते तेवढे. पण मी पोचण्यापूर्वीच थोरलीने त्याचा दंड धरला होता. ती त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला उभी होती. ती तिथे योगायोगाने नव्हती. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून पाण्यात उतरल्यापासून ती त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी होती.

मधल्याने दोन-चार घोट खारे पाणी ओकले, खोकला आणि हसला. अकरा वर्षांच्या मुलाला भीती कळायला वेळ लागतो. मला मात्र ती ताबडतोब कळली. आम्ही तिघे बाहेर आलो. ही दुरून म्हणाली, ‘एवढ्यात आलात?’ मी म्हणालो, ‘पाणी गार आहे.’ थोरलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती धाकटीचे घर बांधू लागली.

त्या दुपारी मी सक्तीची विश्रांती घेतली नाही. उठून ओटीवर आलो तेव्हा थोरलीने खुंटीवरचा कागद काढून उलटा केला होता आणि कोऱ्या बाजूवर ती लिहीत होती. रकाने नव्हतेच. रोजची तिथी, भरतीची वेळ, सुकतीची वेळ, आणि खाली चार ओळी. सुकती: धाकटी, वाळू, शिंपले, आई मोकळी. भरती चढताना: मधला, बाबा बरोबर, कमरेच्या वर नाही. जेवण: भूक लागेल तेव्हा. संध्याकाळ: मी एकटी.

मी ते वाचले आणि खिशातली दुसरी प्रत फाडून टाकली.

षष्ठीला सहा पाऊणे साडेचार. साडेचारला आम्ही पुन्हा बामणघळीवर, खडकापासून अंतर राखून उभे होतो. आजोबांनी आधीच सांगून ठेवले होते, ‘भांगाकडे चाललंय, फार उंच नाही उडायचं.’ तसे ते फार उंच उडाले नाही. पण धाकटीच्या अंगावर तुषार आले आणि तिने टाळ्या पिटल्या. समुद्राशी तिची तेवढीच ओळख पुरेशी होती. सप्तमीला आणि अष्टमीला मधला चढत्या पाण्यात मनसोक्त डुंबला. मी समुद्राच्या बाजूला उभा राहिलो. फणसाची भाजी, घावने, आमरस, सोलकढी जेव्हा भूक लागली तेव्हा झाली. घड्याळ पिशवीतच राहिले. एकच वेळ कुणाला भरतीची असते तर कुणाला ओहोटीची. तिन्ही मुलांना एका घंटेवर उभे करायला निघालेल्या मास्तराला हे कळायला अर्धा आठवडा लागला.

नवमीच्या संध्याकाळी थोरली नेहमीप्रमाणे एकटी फिरायला निघाली. वाडीच्या बेड्यापाशी थांबली आणि म्हणाली, ‘येताय?’

पावणेसातची भरती किनाऱ्याला लागत होती. पुष्कळ चालून झाल्यावर तिने विचारले, ‘तुम्ही त्या दिवशी आईला का नाही सांगितलंत?’

‘तू का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.’

मला उत्तर सुचले नाही. शाळेत चूक कबूल करण्याचे महत्त्व मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. निबंधाचा तो विषयच आहे. ‘सांगेन,’ मी म्हणालो. पण त्या रात्री सांगितले नाही. कराडला आल्यावरही नाही. जूनमध्ये ती पुण्याला गेली, तेव्हा गाडीच्या खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिले, त्यातही तो प्रश्न होता, असे मला वाटले.

परवा दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी तो फुलस्केप कागद सापडला. तो पाहून हा लेख लिहिला. माझा मजकूर छापून आल्यावरच ही वाचते. पण हा मात्र पाठवण्याआधी तिच्यापुढे ठेवला. ती चकलीची भाजणी चाळत होती. हात पुसून तिने शेवटपर्यंत वाचले.

‘मला त्याच दिवशी कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘तेल लावताना पाहिलं. त्याच्या दंडावर चार बोटं उठली होती.’

‘मग विचारलं का नाहीस?’

‘तुमच्या वेळापत्रकात तो तास कुठे होता?’ असे म्हणून तिने चाळण पुन्हा हाती घेतली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, ‘पोरीला सांगा, तुम्ही सांगितलंत म्हणून. धनत्रयोदशीला येतेय ना?’

येतेय. संध्याकाळी सातला पोचेन, असा तिचा फोन आला आहे. मी सहापासूनच स्थानकावर उभा राहणार आहे. गाडीला पाऊण तास उशीर झाला, तरी त्याचे मला काही वाटणार नाही.